वाक्य पुरे होईपर्यंत

मास्तर,

मी रागावलेलो आहे, आणि हे तुम्हाला सांगायला फार उशीर झाला आहे. तुम्ही गेलात तेव्हा माझे केस काळे होते. आता माझा नातू वैद्यकी शिकून घरी आला आहे. परवा जेवताना त्याने मला समजावून सांगितले की नव्या औषधाचा प्रयोग मध्येच थांबवणे हे पुष्कळदा रोग्याच्याच भल्याचे असते. "ताता, अपाय होतो आहे असे दिसल्यावर तसेच चालू ठेवणे हा खरा गुन्हा." मी म्हणालो, "ते मला कळते. मी चौथी शिकलेलो आहे, मूर्ख नाही." त्याने पानात आणखी सांबार वाढून घेतले. म्हातारा औषधावर रागावला आहे, अशी त्याची समजूत झाली. औषधावर मी कधीच रागावलो नव्हतो. राग कोणावर आहे आणि कशासाठी आहे, हे एकदा नीट मांडावे म्हणून आज सकाळी हा कागद घेऊन बसलो आहे.

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले, परंतु ते तुमच्या हाताखाली झाले, आणि हे मी तंजावुरात कोणासमोरही ताठ मानेने सांगतो. दिवसा तुम्ही शाळेत तमिळ आणि गणित शिकवीत होता. संध्याकाळी आपल्या गल्लीतल्या मराठी मुलांना ओट्यावर बसवून देवनागरी शिकवीत होता, कारण घरी आम्ही जी मराठी बोलत होतो तिच्यात निम्मे तमिळ मिसळलेले असे आणि तुम्हाला ते खपत नसे. तुमचा एकच नियम होता. उत्तर द्यायला उभे राहिलेल्या मुलाने वाक्य पुरे झाल्याशिवाय खाली बसायचे नाही. एका शब्दात उत्तर दिले तर तो मुलगा दिवे लागेपर्यंत उभा. वडील वारले, मी शाळा सोडली आणि भांड्यांच्या दुकानात नोकरीला लागलो. तरीही तुमचा नियम सुटला नाही. एकदा तुम्ही दुकानात आलात आणि विचारलेत, "हे पातेले कोठले?" मी म्हणालो, "कुंभकोणचे." तुम्ही तेथेच उभे राहिलात. गिऱ्हाइके थांबली, मालक हसू लागले. "कुंभकोणचे काय?" तुम्ही म्हणालात. माझे कान तापले. "हे पातेले कुंभकोणहून आलेले आहे, मास्तर." "आता बस," तुम्ही म्हणालात, आणि पातेले न घेताच निघून गेलात. त्या दिवशी मी तुमच्यावर पहिल्यांदा रागावलो. पण त्यानंतर गिऱ्हाइकाला अर्धे उत्तर मी कधी दिले नाही.

ज्या सकाळी तुम्हाला अर्धांगवायू झाला, त्या सकाळी मी तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभा आहे. काकूंचे रस्समचे कथलाचे भांडे दुकानातून दुरुस्त करून आणले आहे. तुम्ही पाटावर बसून कॉफी निववीत आहात, टंब्लरमधून वाटीत आणि वाटीतून टंब्लरमध्ये, नेहमीसारखी उंचावरून. धार वाटी सोडून तुम्ही नेसलेल्या वेष्टीवर पडते. कॉफी वाफाळलेली आहे आणि तुमचा पाय हलत नाही. काकू ओरडतात, "अय्यो, अहो, मांडी भाजते आहे, बघा तरी!" तुम्ही त्यांच्याकडे बघता. टंब्लर सुटून घरंगळत माझ्या पायाशी येतो. तुमचे तोंड एका बाजूला ओढले जाते आणि तुम्ही मला काहीतरी सांगू लागता. निघतो तो नुसता आवाज. तो आवाज संपेपर्यंत मी वाट पाहात उभा राहिलो, कारण तुमचे बोलणे पुरे होण्याआधी हलायची मला सवय नव्हती. काकूंनी दंडाला धरून मला ढकलले, "अरे, बघत काय उभा राहिलास? जट्का आण!" मी घोडागाडी आणायला धावलो.

गावाबाहेरचे ते धर्मादाय इस्पितळ आता राहिलेले नाही. तेव्हा तेथे बाहेरून मोठे डॉक्टर आले होते आणि अर्धांगाच्या रोग्यांवर एका गोळीचा प्रयोग चालू होता. रक्त पातळ करणारी गोळी. निम्म्या रोग्यांना खरी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी द्यायची, आणि कोणाला कोणती मिळते हे डॉक्टरांनासुद्धा कळू द्यायचे नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. काकूंनी मला बाजूला घेऊन विचारले, "खोटी दिली तर?" मी म्हणालो, "गोळी खोटी असली तरी व्यायाम खरा आहे, काकू." ते खरेच होते. प्रयोगातल्या सर्वांसाठी त्यांनी एक लांबट खोली उघडली होती. तेथे हातापायांचे व्यायाम करून घेत आणि बोलायला शिकवीत. इतर रोग्यांना तसे काही मिळत नसे. त्या खोलीसाठी आम्ही होकार दिला.

बोलणे शिकवायला तिरुवैयारुची एक तरुण मुलगी नेमलेली होती; गाणे शिकवणाऱ्यांच्या घरातली, रोज बसने येणारी. पहिले काही दिवस मी खोलीच्या बाहेर थांबत होतो. नंतर दाराशी उभा राहू लागलो. ती गायीचे चित्र दाखवते आणि तमिळमध्ये विचारते, हे काय? तुम्ही कपाळावर शिरा ताणून म्हणता, "गा... गाय." ती मान हलवते, "इल्लै अय्या, परत बघा." तुम्ही परत बघता. परत म्हणता, "गाय." ती परत नाही म्हणते. तुमच्या डोळ्यांत पाणी येते. मला राहवले नाही. "अहो बाई, बरोबर आहे ते! आमच्या घरी तिला गायच म्हणतात."

तिने चित्र खाली ठेवले. "मग हे मला आधी का सांगितले नाही?"

"तुम्ही विचारले कोठे?"

"म्हणजे इतके दिवस मी मास्तरांना उगाच नापास करते आहे," ती म्हणाली, आणि तिने तुमच्यापुढे स्वतःचे कान धरले. तुम्ही हसलात. वाकड्या तोंडाने, पण हसलात.

आयुष्यभर ज्या तमिळमध्ये तुम्ही पोरांना पाढे शिकवलेत ती तमिळ त्या सकाळी पुसली गेली होती, आणि मराठी तेवढी तळाशी शिल्लक होती. त्या मुलीने माझ्याकडून मराठी शब्द घेतले, तमिळ अक्षरांत लिहून पाठ केले, आणि तुमच्या गुडघ्यावर बोटांनी ताल धरून ती ते तुमच्याकडून म्हणवून घेऊ लागली. तिचे उच्चार ऐकून तुमच्या भुवया चढत. ताल चुकला की ती रागावत असे, शब्द चुकला की तुम्ही. परतताना जट्केवाला थट्टा करी, "मास्टर अय्या, माझ्या घोड्यालाही दोन अक्षरे शिकवा, नुसता खिंकाळतो." एकदा तुम्ही अगदी स्पष्ट म्हणालात, "गाढव." त्याने मला विचारले, काय म्हणाले? मी सांगितले, "घोडा चांगला आहे म्हणाले." काकू पदरात तोंड घालून घरापर्यंत हसत होत्या. मग दोन शब्द जुळू लागले. "पाणी नको." "काकू कोठे?" आपल्या बायकोला तुम्ही आमच्यासारखे काकू म्हणालात, आणि त्यांनी ते कोणालाही दुरुस्त करू दिले नाही.

आणि एका सकाळी खोलीला कुलूप होते. खिडकीतून दिसले, खुर्च्या एकावर एक उलट्या रचून ठेवल्या होत्या. तुम्ही धुतलेली वेष्टी नेसून, गंध लावून, काठी टेकत आला होता. मी मोठ्या डॉक्टरांना व्हरांड्यात गाठले. ते सौम्यपणे बोलले, हे मला मान्य केले पाहिजे. गोळीने काही रोग्यांना आतून रक्तस्राव झाला, म्हणून प्रयोग मुदतीआधीच बंद केला, असे ते म्हणाले. मी म्हणालो, "गोळी बंद केलीत, बरे केलेत. खोली का बंद केलीत?" ते म्हणाले, "ती माणसे प्रयोगासाठीच नेमलेली होती. प्रयोग संपला." तुम्हाला कोणती गोळी मिळाली, हे मी विचारले. ते त्यांना ठाऊक नव्हते. मग ते तुमच्याकडे न बघता म्हणाले, "तसेही यांच्या बोलण्यात फरक पडलेला नाही. पहिल्या तपासणीत काही बोलले नाहीत, परवाच्या तपासणीतही नाही."

मास्तर, परवाच्या तपासणीत तुम्हाला तमिळमध्ये विचारले होते. ती मुलगी त्या वेळी तेथे नव्हती आणि मला बाहेर बसवले होते. डॉक्टरांनी ज्या भाषेत कान लावला, त्या भाषेत तुम्ही तेथे नव्हताच. आणि म्हणून तुम्ही सुधारलाच नाहीत! हे मी त्यांना सांगितले. सांगितले असे लिहितो, परंतु मी ओरडलो. औषधे घ्यायला आलेली माणसे वळून बघू लागली. मी म्हणालो, मुलांना सुद्धा कोणी प्रश्नाच्या मध्यावर उभे सोडून जात नाही, तुम्ही तर जाणत्या माणसाला वाक्याच्या मध्यावर सोडून चालला आहात.

तेव्हा माझ्या मागून तुमचा आवाज आला. सावकाश, प्रत्येक शब्द काठीवर ताल धरून, "आवाज खाली घे... आणि डॉक्टरांसमोर... नीट उभा राहा."

डॉक्टरांनी विचारले, "काय म्हणाले?" मी शब्दाला शब्द लावून तमिळमध्ये सांगितले. ते हसले. "बघा, मास्तर शहाणे आहेत." त्यांच्यासमोर पुरावा उभा होता आणि त्यांना तो विनोद वाटला. तुम्ही डावा हात कपाळापर्यंत नेऊन त्यांना नमस्कार केलात आणि ते निघून गेले.

माझा राग त्या नमस्कारावर आहे. ज्यांनी तुम्हाला अर्ध्यावर सोडले, त्यांच्यासाठी तुम्ही मला गप्प केलेत. पुढे काकूंनी आणि मी घरी प्रयत्न केला. ती मुलगी एका रविवारी आली, चित्रे ठेवून गेली. तिलाही दुसरीकडे नोकरी शोधायची होती. पण आम्हाला ताल धरता येत नव्हता, आणि आमच्यासमोर तुम्ही लवकर थकत होता. दोन शब्दांचा एक झाला, मग हुंकार उरला. शेवटच्या वर्षी काकू तुमच्या तोंडाकडे बघून तांदळाची कंजी भरवीत, आणि तुम्ही नको असेही म्हणत नव्हता. गोळी थांबवणारे शहाणे होते, हे नातवाचे म्हणणे मी मान्य करतो. त्यांनी तुमचे बोलणेही त्या गोळीबरोबर थांबवले, याची क्षमा मी करणार नाही. तुम्ही सांगितलेत तरी करणार नाही.

हा कागद मी कोणाला दाखवणार नाही. आमच्या घरात देवनागरी वाचणारा मी एकटाच उरलो आहे, त्यामुळे लपवण्याचीही गरज नाही. फक्त एक गोष्ट राहिली. डॉक्टर पाठ फिरवून निघाले, तेव्हा मी पुन्हा मोठ्याने ओरडलो, पहिल्यापेक्षा मोठ्याने, आणि काकू घरी येईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांना वाटले, मी तुमची आज्ञा मोडली. मास्तर, त्या दुसऱ्या वेळी मला राग आलेला नव्हता. तुम्ही एक पुरे वाक्य बोलला होता. मी ओरडलो, कारण तुम्ही मला पुन्हा रागवावे, असे मला वाटत होते.