सोळा डोक्यांना ऊन लागलं

८ मे २००६, अकोला
नगमाचा डबा घेऊन हवामान केंद्रात गेलो. तिथला सोळा प्रोसेसरचा नवा कॉम्प्युटर बेंचमार्क परीक्षेत पुन्हा आपटला. सकाळी नीट चालतो, दुपारी बंद पडतो. मृगाआधी पास झाला नाही तर मशीन नागपूरला जाणार. सोबत ते चालवणारी माझी पोरगी नगमाही. मग बायको हलीमाबी आणि मी एकमेकांची तोंडं बघत बसायचं. जेवण गेलं नाही.
कापसाच्या जिनिंगमध्ये जन्म घालवला आहे. दोष मीच काढणार. खुर्चीमागे वर एसीची जाळी आहे, तिची हवा थेट पाठीवर येते, कंबर धरते. रोजच्यासारखा स्टुलावर चढून खांद्यावरचा दुपट्टा जाळीत कोंबला, तेव्हा कुठे डोकं चाललं.

९ मे
कंपनीचा इंजिनिअर सरफराज याने मेमरी बदलली. दुपारी मशीन बंद. मी सांगितलं, याला ऊन लागलं. म्हणतो, चाचा, एसीत ऊन कुठून घुसलं? शिकलेल्यांचं हे असं. उन्हाळ्यात आपण खिशात ठेवतो तसा एक कांदा गुपचूप मशीनखाली ठेवला.

११ मे
कांदा नगमाला सापडला. म्हणाली, अब्बा, डबा ठेवा अन् घरी जा, काहून तरास देऊन राहिले? गेलो नाही. दुपट्टा दुहेरी घडी करून कोंबला. गारठा फार.
एकच प्रोसेसर चालवला तर परीक्षा पास. सोळा लावले की बंद. मी म्हटलं, सोळा भाऊ एका घरात, मग चूल पेटेल कशी? पंधरा काढा. नगमा कपाळाला हात लावून बसली. पटलं असावं.

१३ मे
बाळापूरला लग्न. दुपट्टा खांद्यावर, बिर्याणी बरी. संध्याकाळी नगमाचा फोन, आज मशीन दिवसभर चाललं. कांद्याचा असर उशिरा होतो.

१५ मे
तपासणीचे साहेब आले. मी आधीच जाऊन बसलो, जाळी बंद केली. अर्ध्या परीक्षेत मशीन बंद. साहेबांची नजर लागली. नगमाला तसं सांगितलं. ती नागपुरात खोली बघण्याबद्दल बोलू लागली. उद्या शेवटची संधी.
घाईत दुपट्टा तिथेच राहिला.

१६ मे, दुपारी तीन
आज सकाळीच बंद पडलं. सरफराजने मशीनला हात लावला, चटका बसला. एसीची हवा येईना, मग स्टुलावर चढून जाळीतून दुपट्टा ओढला. हा कोनाचा, चाचा? मी म्हटलं, माझा नाही. हलीमाबीनं कोपऱ्यात हिरव्या दोऱ्यानं माझं नाव 'ताहेर' काढलं आहे. नगमाने वाचलं. मोठ्यानं नाही.

१७ मे
काल संध्याकाळी मशीन पास. इथेच राहणार. नगमाही. दोष मीच दाखवून दिला म्हणायला हरकत नाही. दुपट्टा नसता तर सरफराजला काय सापडलं असतं? हलीमाबीला हेच समजावलं. म्हणाली, मंग तुमाले गेटवर काहून बसवलं?
लॅबच्या दारावर नगमाच्या हातची चिठ्ठी आहे: डबा गेटवर द्यावा. गेटवर सावली नाही.
खिशात कांदा ठेवला आहे.