नळावरची खिडकी

ती. आईस,
लांबूनच पाया पडते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझी कंबर कशी आहे?

जपानीचं विचारलं होतंस. शिकवायला कुणी नाही, म्हणून खोलीतल्या वस्तूंवर त्यांच्या जपानी नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. माझ्यासोबत राहणाऱ्या नर्सताईने साफसफाई करताना त्या काढल्या आणि अंदाजाने परत लावल्या. काल तिनेच सहज सांगितलं, तेव्हा मला कळलं. तोवर आठवडाभर मी नळाला खिडकी म्हणून घोकत होते.

आधीचं सगळं पाठांतर पालथ्या घड्यावर पाणी. हे चुकीचे शब्द तेवढे पक्के बसलेत, काही केल्या जात नाहीत.

बाबांना म्हणावं, अभ्यास चालू आहे. परीक्षेचं मात्र शेजारी कुणाला सांगू नका.

तुझीच,
धाकटी