सगळ्या खोऱ्याला पुरेल इतकी

प्रिय मारित,

तुझे बाबा खुर्चीत डुलकी घेतायत, तेवढ्यात लिहून घेते. पाठ मोडून आलीये. आठवडाभर बिअर करतेय, तीही नाताळ नसताना, ऐन जूनमध्ये. शेजारची ऑड्नी कुंपणावरून विचारून गेली, लग्न कुणाचं काढलंत? मी नुसती हसले.

मोठा तांब्याचा हंडा बाबांनी मागेच मामाला देऊन टाकला, आता उचलवत नाही म्हणून. उरलंय ते लहान पातेलं, त्यात दोघांपुरती होते. पण ह्यांचा हेका, सगळ्या खोऱ्याला पुरायला हवी. हंडा मागून आणते म्हटलं, तर दिलेली वस्तू मागायची नाही म्हणे.

मग खुर्चीतून हुकूम सुटू लागले. गरम पाण्यात मोड आणून वाळवलेल्या जवाचं माल्ट भिजवून गोड रस काढ. चोथा टाकून दे आणि त्याच रसात पुन्हा ताजं माल्ट भिजव. रस इतका दाट झाला की पळीला चिकटायला लागला. तो पिंपात ओतून वर जवळजवळ तेवढंच उकळून गार केलेलं पाणी घालायचं, मग आजीच्या वेळेपासून जपलेलं यीस्ट. मला काही पटेना. पाहुणे वाढले की सुपात पाणी ओततात, त्यातलाच प्रकार म्हटलं. तर म्हणाले, "अगं, आधी दाट केलंयस ना? मग पाण्याला कशाला भितेस?"

खरंच, तयार झाल्यावर चव जराही पातळ नव्हती. तरी घोटभर घेऊन म्हणाले, जुनिपरच्या डहाळ्यांचा वास कमी पडलाय. पुढच्या खेपेसाठी मी परत डोंगर चढून त्या आणल्या. ओला चोथा उपसून मनगटं सुजलीत. पूर्वी हे सगळं ते एकटे करायचे आणि वर गात असायचे.

शेवटचं पिंप भरलं तेव्हा मी पायरीवर बसकण मारली. विचारलं, कशासाठी चाललंय हे? मग म्हणाले, "माझ्या मातीला येणाऱ्यांना काय पाजशील? त्या दिवसांत तुला चुलीपाशी उभं राहायला नको."

मारित, पोटातलं दुखणं यकृतापर्यंत गेलंय. बर्फ पडेपर्यंत कठीण आहे, असं डॉक्टर वसंतातच म्हणाले. तुला कळवायचं नाही, अशी ह्यांनी शपथ घातली होती. तू बोटीवरची नोकरी सोडून येशील म्हणून. ती शपथ मी आज मोडतेय. पिंपं काही मी तळघरात ठेवू दिली नाहीत. शनिवारी सगळ्यांना बोलावलंय, तुम्ही असतानाच पिऊ, असं ह्यांना म्हटलं. "आणि नंतर?" त्यांनी विचारलं. म्हटलं, नंतरची मी पुन्हा करीन, आता येतं मला. त्यावर हसले, कितीतरी दिवसांनी. तू शुक्रवारपर्यंत पोच. मी धक्क्यावर येते.

वाटेकडे डोळे लावून,
तुझीच आई