मशीनचा डोळा

जालना एमआयडीसी

मायला काकासाहेबचा दंडवत. सगुणे, हे पत्र मायला वाचून दाखवताना दार लावून घे.

माय, मी बराबर जेवून राह्यलो, काळजी करू नको. बियाणं पाकिटात भरायचं नवं मशीन साहेबानं माझ्या हवाली केलंय. त्यातला काचेचा डोळा पाकिटावरची काळी खूण बघतो. खूण दिसली की पाकिटांची पट्टी ओढणारी सर्वो मोटर थांबती अन् पातं पडतं. आधी मोटर लई थरथरायची. मोटर चालवणारा डबा असतो, ड्राइव्ह म्हंत्यात त्याला, त्यातले आकडे कमी-जास्त करून मीच तिला शांत केलं.

पण दुसऱ्या पाळीचा मच्छिंद्र मला बिलकुल सरळ वाटत न्हाई. माझ्या पाळीत पाकिटं भलतीकडंच कापली जातात, त्याच्या पाळीत एक बी न्हाई. मला वाटलं, हा माझ्यामागं आकडे बदलत असंल. मंग मी ड्राइव्हला पासवर्ड टाकला. तरी तेच.

काल पाळी सुटल्यावर मुद्दाम थांबलो. आल्याबरोबर त्यानं फडक्यानं तो डोळा पुसला अन् माझ्याकडं बघून हसला. तू दिलेला देवीचा अंगारा मी रोज सकाळी त्याच डोळ्याला लावतो, तोच पुसून टाकला गड्यानं! त्याच्या मनात काय हाय, तूच सांग.

तुझा गुडघा कसा हाय? गाय व्याली का?

आता अंगारा तेलात कालवून जाड लावणार हाय, म्हंजे पुसला जाणार न्हाई. जल्दी अजून एक पुडी पाठव.

तुझाच,
काकासाहेब