दगडाला काढलेले डोळे

आप्पा, आज सकाळी तुमच्या देवाचं चित्र पाठवून दिलं आणि तेव्हापासून मी शुक्रवार पेठेतल्या या घराचं दार आतून लावून बसले आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. मी पुस्तकांसाठी चित्रं काढते हे तुम्हाला ठाऊकच नाही. हे पुस्तक मुलांचं आहे. जनावरं माणसाकडं कशी आली, त्याच्या दोन गोष्टी. एक आफ्रिकेतल्या मासाई गुराख्यांची, त्यात आकाशातून सोडलेल्या कातड्याच्या वादीवरून गाई खाली उतरतात. दुसरी तुमची, वारुळातून मेंढरं निघण्याची. मागं वळून बघू नको असं देवानं बजावलं होतं, पहिल्या धनगरानं बघितलं आणि उरलेली मेंढरं आतच राहिली. कपाळाला भंडारा लावल्याशिवाय तुम्ही ती कधी सांगितली नाहीत.

होटगीच्या माळावरची ती सकाळ आठवते. मी सात वर्षांची, मेंढरांच्या वाडग्यामागं देवाच्या दगडासमोर उभी, हातात चुलीतला कोळसा. देव मला आंधळा वाटतो, म्हणून मी त्याला डोळे काढते, मिशा काढते. तुम्ही येता. मारत नाही. खाली बसून मेंढीच्या दुधानं दगड धुता, आणि तुमचे हात थरथरतात. मला वाटलं, रागानं. "त्वांड न्हाय म्हणून तर त्यो आपला हाय, पोरी," तुम्ही म्हणालात. "त्वांड दिलं की ज्येनं दिलं त्येचा हुतो." त्याच आठवड्यात कोकरांना हगवण लागली. मेलेलं कोकरू खड्ड्यात ठेवताना तुम्ही माझ्याकडं बघायचं टाळलंत.

आता तिथं देऊळ झालंय. दगडावर पितळी मुखवटा बसवलाय, झुपकेदार मिशांचा. पुस्तकाच्या संपादकबाईंनी त्याचा फोटो मला पाठवला. "अगदी असाच काढा, वर मुकुट द्या. कोरा दगड मुलांना कळणार कसा?" मासाई गोष्ट लिहिणाऱ्या बाईंकडंही त्यांनी देवाचा चेहरा मागितला होता. आमचा देव म्हणजे आकाशच, त्याला चेहरा नाही, काढाल तर गोष्ट परत घेईन, असं त्यांनी कळवलं आणि विषय मिटला. मला मात्र संपादकबाईंचा रोज फोन. चित्रात मुखवटा नाही काढला तर गावची माणसं जाब विचारायला येतील. काढला तर काय होईल, ते मला माळावरच कळलंय. लेक बाळंतपणाला माझ्याकडं आली आहे, आप्पा, आणि तिच्या पोटाकडं बघितलं की मला कोकरं आठवतात. काल कुंचला उचलला, डोळ्यांच्या जागा हेरल्या, आणि हात असा कापायला लागला की रंग कागदावर सांडला.

शेवटी कोरा दगड आणि त्यावर पिवळा भंडारा, एवढंच पाठवलं. चेहरा हवा असेल तर माझं नाव काढून टाका, असं लिहिलं. संपादकबाईंकडून ते कळल्यावर मघाशी मासाई बाईंचा मला निरोप आला, "तुम्ही ठाम राहिलात, बरं वाटलं." वाचून मला लाज वाटली. मी ठाम नव्हते, भेदरले होते. दगड धुताना तुम्हीही भेदरलाच होता ना? हे पत्र कुठं पाठवणार, भंडाऱ्याच्या डबीखाली ठेवते. लेक आत झोपली आहे. तिला असलं काही आवडत नाही, म्हणून तिला न विचारताच मी तिच्या कपाळाला भंडारा लावलाय.