पद्मिनीचं नाक वर

४ फेब्रु.
मिरजगाव. पद्मिनी आज सुरू झाली! जुन्या गाडीच्या पोटात जिप्सीचं इंजिन, सगळी दिवाळी ह्यातच गेली. इंजिन मी भंगारातून हुडकलं, बसवलं दोघांनी. मामाचा नित्या मोठा, म्हणून नारळ त्यानं फोडला. मागच्या शर्यतीला चालवायला तोच बसला होता. यंदा मी. बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "यंदा तू, संत्या. शब्द."
२२ ला शर्यत. बैलगाड्या पळतात त्याच माळावर, जुन्या गाड्यांची. झोप येईना.

९ फेब्रु.
ठेकेदाराचा विकी येऊन गेला. त्याच्या जिप्सीला लोखंडी पिंजरा, नवे टायर, सगळा थाट. पद्मिनी बघून म्हणे, "लग्नाची हाय का शर्यतीची?"
मी म्हणालो, "शर्यत झाली की तुझ्याच लग्नाला लावू. भाड्यानं."
नित्या लई हसला.

१४ फेब्रु.
घोडेगाव. एका टेम्पोवाल्याबरोबर म्हशी घेऊन बाजारात आलो, दोन दिवसांचं सांगून. टेम्पोचा क्लच गेला, मग तेच करत बसलो. एक जाफराबादी आली होती, काय शिंगं, अशी वळलेली की... जाऊ दे.
नित्याचा फोन. "निवांत ये. घाई न्हाई."
हा एवढा प्रेमळ कधीपासून?

१७ फेब्रु.
मिरजगाव. रस्त्यावरूनच दिसलं. पद्मिनीवर ताडपत्री, आणि नाक वर. पुढचं वजन गेल्याशिवाय गाडी अशी उभी राहत नाही. तरी बॉनेट उघडलं. आरपार जमीन.
मामी भाकरी थापत होती. "विकीच्या गाडीचं इंजिन जाम झालं म्हनून आपलं नेलं. आता नित्याच चालवनार हाय त्याची गाडी. तुला सांगितलं न्हाई व्हय रं?"
नाही म्हणालो. चहा दिला. पिलो.

१८ फेब्रु.
विकीच्या शेडमध्ये गेलो. नित्या हात धूत होता. धूतच राहिला.
"पद्मिनीला पिंजरा कुठं हाय? पलटी झाली असती तर आत्याला काय तोंड दावलं असतं मी?"
"मग विचारायचं."
"तू असतोस कुठं? म्हशी बघत हिंडतोस."
खरं आहे. हिंडतो. पण फोन रोज करत होता की. जेवलास का, झोपलास का. इकडं इंजिन खोलता खोलता.
शब्द दिला होता त्याचं काय, हे तोंडातून निघालंच नाही. आणि विचारलं असतं तर इंजिन काढायला मीच पाने धरले असते, हे पण.

२१ फेब्रु.
संगमनेर. काम बघायला म्हणून आलो. बघितलं नाही. प्रवरेच्या पुलावर बसून होतो.
दुपारी नित्याचा फोन. दोनदा कापला, मग घेतला.
"वळणावर अडखळतंय रं. कार्बोरेटर तू लावलेला, कुनालाच जमंना. ये की. उद्या शर्यत हाय."
मागून विकीचा आवाज, "भाऊ म्हन त्याला, भाऊ म्हन!"
मग नित्या म्हणाला, "भाऊ."
जन्मात कधी म्हणाला नव्हता. फोन ठेवला.
आता नगरच्या एसटीत. तिथून मिरजगाव. पान्यांची पिशवी मांडीवर घेतलीय. इंजिन नीट करायला चाललोय का काढून आणायला... नगर येईपर्यंत ठरवू म्हणालो होतो. नगर आलं.