मास्तरीणबाईची कंबर आणि इन्स्पेक्शन

४ जानेवारी १९३७, सोमवार
डाव्या कमरेतून टाचेपर्यंत कोणी तापलेला दाभण ओढतंय. शी! वाशीमचे डॉक्टर म्हणाले, नर्व्ह दबली आहे, महिनाभर पडून राहा. वा रे वा! कन्याशाळा कोण चालवणार? बाळीला कडेवर कोण घेणार, हे? यांना स्वतःचं धोतर वाळत घालता येत नाही.
२२ तारखेला अमरावतीहून इन्स्पेक्ट्रेसबाई येणार. त्यांना धडधाकट दिसले तर हेडमिस्ट्रेस म्हणून कायम, नाहीतर घरी. निश्चय केला. दुखणं मनाचं असतं. आजपासून दुखत नाही.

५ जानेवारी
दुखतं. पण लंगडत नाही. पहिलीच्या मुलींजवळ खाली बसून पाटीवर हात धरावा लागतो, तिथून उठायला जरा वेळ लागतो एवढंच. कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

९ जानेवारी
सासूबाईंनी लसणाचं तेल चोळलं. ईऽ! लुगडं, उशी, बाळी, सगळ्यांना तोच वास. हे नाक दाबून ओसरीत झोपले आणि सकाळी म्हणतात काय, थंडीनं माझीच पाठ धरली. मेल्या कंबरेनं यांचीसुद्धा सोय बघितली! सासूबाई त्यांना शेकत बसल्या. भाकरी मीच थापल्या.

१४ जानेवारी, संक्रांत
किळस आली सणाची. पहाटेपासून तीळ कुटले, मग गावभरच्या म्हाताऱ्यांच्या पाया पडले. शेवटच्या आजींच्या पायांवरून उठताच येईना. त्या म्हणे, पोरीत केवढा भाव हाये वं! मी तसंच समजू दिलं.

१७ जानेवारी, रविवार
मुलींना घरोघरून शाळेत बोलावून आणणारी आमची गोजराबाई पायाळू आहे, म्हणजे पायांकडून जन्मलेली. उसण भरली की लोक तिची लाथ पाठीवर घेतात. असला अडाणीपणा शाळेत चालणार नाही, असं दिवाळीत मी तिला मुलींसमोर फटकारलं होतं. आज सुट्टी असूनही दोघी इन्स्पेक्शनसाठी शाळा आवरायला आलो, तर ती स्वतःच म्हणे, मारू काय बाई, हल्लक हातानं? म्हणजे पायानं! मी फार रागावले. मग वर्गाचं दार लावून पालथी झाले. केवळ प्रयोग म्हणून.
हल्लक कसली? दिवाळीचं सगळं बोलणं बाईनं पायात साठवून ठेवलं होतं. आता उजवीकडूनही दुखतं.

२१ जानेवारी
उद्या. तयारी उत्तम. मी खुर्चीची पाठ धरून उभी राहणार, जागची हलणारच नाही. कोण ओळखतंय!

२२ जानेवारी, संध्याकाळ
बैलांच्या दमणीतून बाईसाहेब उतरल्या. मी ठरल्याप्रमाणे उभी. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. पाढे झाले, कविता झाली, शिवण झालं. बाईसाहेब खूश. कायमच्या ऑर्डरला आता सहीचीच खोटी, असं वाटलं.
मग म्हणाल्या, पहिलीच्या मुली, उठा बघू.
सगळ्या पोरींनी डावा हात कमरेवर ठेवला. उजवा जमिनीवर टेकवला. एका सुरात, आई गंऽऽ! आणि डावा पाय ओढत ओढत रांगेत आल्या. एकही हसली नाही. खोडी नव्हतीच ती!
बाईसाहेबांनी पुढच्या रुपाला विचारलं, अशी का उठतेस गं? ती म्हणे, उठाचं असंच असते न जी! बाई रोज शिकवते.
बाईसाहेब मला म्हणाल्या, आता जरा इकडं चालून दाखवा. मी खुर्ची सोडली. दोन पावलांत खाली बसले. उठवायला गोजराबाई आली.
सहा महिने सक्तीची रजा. कायम होणं रद्द.

रात्रीच्या जेवणाआधी
यांनी विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं, या शाळेत मुली बाईंकडून फार लवकर शिकतात, असं म्हणाल्या. हे खूश. सासूबाईंनी शेजारीपाजारी साखर वाटली. सोमवारपासून मी घरीच आहे, हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.